दुसरा जिना दाखवा

दिल्लीतली उंच, काचेची, पंचतारांकित हॉटेलं जनपथावर आहेत, बाराखंबा रोडवर आहेत, विमानतळाजवळच्या एअरोसिटीत आहेत. मराठी माणूस उतरतो तो करोल बागेत. यूपीएससीच्या मुलाखतीसाठी धोलपूर हाउसला जायचं असलेली मुलगी आणि सोबतीला आलेले तिचे वडील, सर्वोच्च न्यायालयात जमिनीच्या खटल्याची तारीख लागलेले दोघे भाऊ, गफ्फार मार्केटमधून मोबाइलचे सुटे भाग उचलणारा दुकानदार, चारधामला निघालेला ज्येष्ठांचा जथा. मेट्रो दाराशी, भाडं खिशाला झेपणारं, खाली उशिरापर्यंत काहीतरी गरम खायला मिळणारं. करोल बाग निवडण्यात काहीच चूक नाही.

चूक होते ती खोली निवडताना. गिझर चालतो का, एसी गार करतो का, चादर धुतलेली आहे का, नाश्ता भाड्यात धरलाय का, हे सगळं आपण विचारतो. दुसरा जिना कुठे आहे हे कोणीच विचारत नाही. या आठवड्याचं माझं सगळं म्हणणं त्या एका जिन्याबद्दल आहे.

१२ फेब्रुवारी २०१९. पहाटे साडेचारच्या सुमाराला गुरुद्वारा रोडवरच्या अर्पित पॅलेस हॉटेलात आग लागली आणि १७ माणसं गेली. गाझियाबादच्या लग्नासाठी केरळहून १३ जणांचं एक कुटुंब आलं होतं, त्यातले तिघे परत गेले नाहीत. म्यानमारहून आलेल्या बौद्ध यात्रेकरूंमधलेही काही गेले. भारतीय महसूल सेवेतल्या एका अधिकाऱ्याने वरून उडी मारली, तो वाचला नाही. बहुतेकांना ज्वाळा शिवल्याही नव्हत्या. त्यांचा जीव धुराने घेतला.

आता कारणं बघा. कॅरिडॉरच्या भिंतींना लाकडी पॅनेलिंग होतं. खोलीतून बाहेर पडायची वाट तीच आणि जळणही तेच. मागचा संकटकालीन मार्ग अरुंद होता, आणि त्याला कुलूप होतं असं तेव्हाच्या तपासात पुढे आलं. दिल्ली सरकारच्या मंत्र्यांनी त्याच दिवशी पाहणी करून सांगितलं की परवानगी चार मजल्यांची असताना वर आणखी बांधकाम झालेलं आहे आणि गच्चीवर फायबरचं छप्पर टाकलेलं आहे. ही इमारत काही रानात उभी नव्हती. करोल बागेत पोलीस फिरतात, महापालिकेचे निरीक्षक फिरतात, मालमत्ता कर भरला जातो, विजेची मीटरं वाचली जातात. गच्चीवरचं छप्पर खाली रस्त्यावरून मान वर केली की दिसतं.

आणि या हॉटेलाकडे अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला होता. डिसेंबर २०१७ मध्ये दिलेला. दिल्लीच्या नियमांप्रमाणे हॉटेलचा दाखला तीन वर्षं चालतो. म्हणजे ती १७ माणसं मेली तेव्हा दाखला जिवंत होता.

या एका गोष्टीने माझी झोप उडते. बेकायदा, बिनपरवाना, लपूनछपून चाललेल्या जागेत अपघात झाला असता तर निदान म्हणता आलं असतं की यंत्रणेच्या नजरेतून निसटलं. इथे यंत्रणा आली, तिने पाहिलं, सही केली आणि गेली. आगीनंतर काही दिवसांतच अग्निशमन दलाने करोल बागेतली ४५ हॉटेलं तपासली आणि त्यांपैकी ३० हॉटेलांचे दाखले रद्द केले. तीन हॉटेलांमागे दोन. फेब्रुवारीत जे दोष दोन-तीन दिवसांत दिसले, ते जानेवारीतही तिथेच होते. लाकडी पॅनेलिंग एका रात्रीत लागत नाही.

आपल्याकडे उंच इमारतीची भीती फार. विसाव्या मजल्यावरची खोली नको, खालची द्या, असं रिसेप्शनवर सांगणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत. भीती नैसर्गिक आहे, पण ती भलत्याच इमारतीला चिकटली आहे. इमारत जितकी उंच तितके नियम कडक होत जातात. राष्ट्रीय इमारत संहितेत १५ मीटरच्या वरची इमारत उंच धरली जाते. मग तिला बंदिस्त जिने लागतात, अग्निशमनासाठी वेगळी लिफ्ट लागते, पाण्याची टाकी आणि पंप लागतात, छतात स्प्रिंकलर लागतात, आणखी वर गेलं की धुरापासून सुरक्षित असा आश्रयाचा मजला लागतो. व्यापारी भागातल्या मोठ्या पंचतारांकित हॉटेलात हे सगळं असतं, कारण तिथे नियम आहे, विमा कंपनी आहे, परदेशी साखळीचे तपासनीस आहेत, आणि तिथे उतरणाऱ्या माणसाचा आवाज मोठा आहे.

तेही आपोआप झालेलं नाही. २३ जानेवारी १९८६ ला दिल्लीच्याच वसंत विहारमधल्या सिद्धार्थ कॉन्टिनेंटल या पंचतारांकित हॉटेलात आग लागली आणि पस्तीसहून अधिक माणसं गेली, त्यांत परदेशी पाहुणे बरेच होते. दिल्लीचा आग प्रतिबंध आणि अग्निसुरक्षा कायदा त्याच वर्षीचा, १९८६ चा. मोठ्या हॉटेलांना शिस्त लागली ती मोठ्या लोकांचे जीव गेल्यावर.

करोल बागेतलं हॉटेल उंच इमारतीच्या त्या रेषेच्या अलीकडे थांबतं. कागदावर थांबतं. दिल्लीच्या अग्निशमन नियमांत गेस्ट हाउससाठी ही रेषा १२ मीटरची, तळमजला आणि वर तीन मजले. तेवढं बांधून झालं की खाली तळघर वापरात येतं, वर गच्चीत स्वयंपाकघर किंवा जेवणाची जागा येते. नियम पाळला तो चार मजल्यांचा, माणसं राहतात सहा मजल्यांवर.

ही वस्ती मुळात हॉटेलांसाठी आखलेलीच नव्हती. नवी दिल्ली बांधण्यासाठी ज्या गावांतून लोक उठवले, त्यांना १९२० च्या दशकात इथे आणून वसवलं. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी शून्यातून इथली बाजारपेठ उभी केली. प्लॉट राहत्या घरांचे. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याला चिकटलेल्या, उजेड-वारा फक्त पुढून आणि मागून. घर होतं तेव्हा एक जिना पुरायचा, कारण वर राहणारी दहा माणसं तो अंधारातही उतरू शकायची. हॉटेल झालं की त्याच जागेत पन्नास अनोळखी माणसं झोपतात. त्यांना तो जिना फक्त एकदा, सामान घेऊन लिफ्टने वर जाताना, ओझरता दिसलेला असतो. बरेचदा तेवढाही नाही.

दुसरा जिना का नसतो? कारण दुसरा जिना म्हणजे प्रत्येक मजल्यावरची एक खोली. पाच मजले, पाच खोल्या, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. मालकाचा हिशेब मला कळतो. जो निरीक्षक हा हिशेब मान्य करून सही करतो, त्याचा मला कळत नाही. त्याला पगार नेमका याच हिशेबाच्या आड येण्यासाठी मिळतो.

धुराचं गणित एकदा नीट समजून घेऊ, कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. आग खाली लागते, धूर वर जातो. उघडा जिना, लिफ्टची पोकळी, एसीचे मार्ग, फॉल्स सीलिंगमागची रिकामी जागा, या सगळ्यांचं काम त्या वेळी धुराड्याचं होतं. प्लाय, फोम, सनमायका, गालिचा जळला की त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस त्याने जागा होत नाही, उलट आणखी गाढ जातो. म्हणून हॉटेलातली आग पहाटे सर्वांत वाईट. जो जागा होतो तो दार उघडतो, समोर काळोख, तो परत आत वळतो, खिडकीकडे जातो. आणि खिडकी एसीसाठी कायमची बंद केलेली असते किंवा तिला लोखंडी जाळी ठोकलेली असते.

लास व्हेगासचं एमजीएम ग्रँड हॉटेल २६ मजल्यांचं, श्रीमंत, झगझगीत. २१ नोव्हेंबर १९८० च्या सकाळी आग लागली तळमजल्यावरच्या उपाहारगृहात. ऐंशीहून अधिक माणसं गेली, त्यांतली बहुतेक आगीपासून कित्येक मजले वर होती. त्यांना मारलं धुराने. आग लागली त्या भागात स्प्रिंकलर बसवलेले नव्हते. त्याआधी, ७ डिसेंबर १९४६ ला, अटलांटातलं १५ मजल्यांचं वाइनकॉफ हॉटेल जळलं. ते स्वतःची जाहिरात आगीपासून संपूर्ण सुरक्षित म्हणून करत असे. इमारतीचा सांगाडा खरोखर जळला नाही, तो उभा राहिला. पण ११९ माणसं मेली. वरच्या मजल्यांवरून उतरायला जिना एकच होता.

अटलांटा आणि करोल बाग यांच्यात त्र्याहत्तर वर्षांचं अंतर आहे. जिना तेवढाच राहिला.

महाराष्ट्राने हसू नये. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईत, लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या पबला आग लागली आणि १४ जण गेले. गिरण्यांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या, शहरातल्या एका महागड्या व्यापारी भागात. वाट न सापडल्याने बरेचजण स्वच्छतागृहात शिरले आणि तिथेच गुदमरले. गोव्यात डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याच्या नाइटक्लबात २५ जण गेले, त्यांत बहुतेक कर्मचारी. भांडी घासणारे, भाज्या चिरणारे, परराज्यांतून आलेले तरुण, बरेचसे तळघरातल्या स्वयंपाकघरात अडकलेले. पाहुण्याची निदान बातमीत चौकशी होते. तळघरात राबणाऱ्या पोऱ्याला कुठला जिना दाखवला होता, हे कोण विचारतं?

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्याप्रमाणे इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने दर जानेवारीत आणि दर जुलैत, म्हणजे वर्षातून दोनदा, परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र घेऊन सादर करायचं. कायदा चांगला आहे. त्याची कच्ची बाजू एवढीच की ज्याला तपासायचं तोच तपासणाऱ्याचे पैसे देतो. म्हणून ते प्रमाणपत्र फायलीत न राहता रिसेप्शनच्या भिंतीवर, येणाऱ्याला वाचता येईल अशा अक्षरात लागलं पाहिजे. पाहुण्याने वाचावं, शेजाऱ्याने वाचावं, तिथेच काम करणाऱ्याने वाचावं.

करोल बागेच्या आसपास हे दुखणं हॉटेलांपुरतंही नाही. जुन्या राजेंद्रनगरात २७ जुलै २०२४ ला शिकवणी वर्गाच्या तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले. तळघर साठवणीसाठी होतं, चालवलं जात होतं ग्रंथालय. जुलै २०२५ मध्ये करोल बागेतल्याच एका बहुमजली दुकानाला आग लागली, तेव्हा यूपीएससीची तयारी करणारा एक तरुण लिफ्टमध्ये अडकून गेला. पुण्यातून, लातूरमधून, नांदेडमधून दरवर्षी आपली मुलं याच गल्ल्यांत राहायला जातात. त्यांचे आईवडील मेसचं जेवण कसं आहे हे विचारतात. खोलीपासून रस्त्यापर्यंत दोन वाटा आहेत का, हेही विचारा.

त्यात जून २०२५ मध्ये दिल्लीत हॉटेलं, गेस्ट हाउसं आणि उपाहारगृहांना परवाना देण्याचं काम पोलिसांकडून काढून घेतलं गेलं. धंदा सुलभ व्हावा म्हणून. परवान्यासाठीचे हेलपाटे कमी झाले तर मला आनंद आहे, त्या हेलपाट्यांनी अर्पित पॅलेसमधला एकही जीव वाचवला नव्हता. पण एक सही कमी झाली की उरलेल्या सह्यांचं वजन वाढतं, हे महापालिकेने आणि अग्निशमन दलाने समजून घेतलं पाहिजे. उद्या काही घडलं तर ‘आम्हाला वाटलं ते खातं बघेल’ हे उत्तर चालणार नाही.

मग उपाय काय? मला एकच हत्यार खरोखर धारदार वाटतं. बिल कोण भरतं ते बघा आणि त्याला धरा.

अमेरिकेत १९९० साली हॉटेल अग्निसुरक्षेचा एक केंद्रीय कायदा झाला. त्याने हॉटेलवाल्यांना दटावलं नाही, सरकारी पाकिटाला अट घातली. खोलीत विजेच्या लाइनवर चालणारा धूरसूचक हवा, तीनपेक्षा जास्त मजले असतील तर स्प्रिंकलर हवेत. अशी हॉटेलं केंद्राच्या यादीत. सरकारी पैशाने भरणाऱ्या परिषदा, बैठका यादीतल्याच हॉटेलात घ्यायच्या आणि दौऱ्यावरच्या कर्मचाऱ्यांचे मुक्कामही तिथेच व्हावेत यासाठी खात्यांना उद्दिष्टं ठरवून दिली. सरकारसारखं गिऱ्हाईक हातचं जाणार म्हटल्यावर हॉटेलांनी पाइप बसवले.

हे आपल्याला उद्या करता येतं. यासाठी संसदेत विधेयक लागत नाही, वित्त विभागाचं एक परिपत्रक पुरतं. महाराष्ट्राचे अधिकारी, कर्मचारी दिल्लीला कामासाठी जातात. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या नव्या महाराष्ट्र सदनात किंवा कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सदनात खोली मिळाली नाही की बाहेर राहतात, आणि परत येऊन प्रवासभत्त्याचं बिल लावतात. त्या बिलावर हॉटेलच्या अग्निसुरक्षा दाखल्याचा क्रमांक, तो संपण्याची तारीख आणि ‘दोन स्वतंत्र जिने प्रत्यक्ष पाहिले’ अशी कर्मचाऱ्याची सही मागा. सही नसेल तर बिल मंजूर नाही. केंद्र सरकारने, बँकांनी, विद्यापीठांनी, सार्वजनिक उद्योगांनी असंच केलं, तर करोल बागेतल्या हॉटेलमालकाला त्या पाच खोल्यांचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल. २०१९ मध्ये गेलेल्या १७ जणांत सरकारचा एक अधिकारीही होता. सरकारला आपल्याच माणसाच्या मृत्यूनंतरही ही अट सुचू नये, याचा मला संताप येतो.

यावर एक प्रश्न येईल आणि तो रास्त आहे. छोटी हॉटेलं बंद पडतील, वेटर-स्वयंपाकी घरी बसतील, गरीब प्रवाशाला परवडणारी खोली उरणार नाही. म्हणून म्हणतो, सुरुवात स्वस्त गोष्टींनी करा. मागच्या दाराचं कुलूप काढायला पैसे लागत नाहीत. कॅरिडॉरमधलं लाकूड उतरवून भिंतीला साधा रंग द्या. प्रत्येक खोलीत धूरसूचक बसवा, एका एसीच्या किमतीत कितीतरी बसतात. एक तरी खिडकी आतून उघडेल अशी ठेवा, तिची जाळी बिजागरीची करा. गच्चीवरचं स्वयंपाकघर खाली आणा. रात्रपाळीच्या मुलाला घंटा कुठे आहे आणि लोकांना कुठल्या वाटेने काढायचं, हे महिन्यातून एकदा करून दाखवायला लावा. जिन्याला खरोखरच जागा नसेल तर वरचे मजले पाहुण्यांना देऊ नका. परवडणारी खोली हा गरीब प्रवाशाचा हक्क आहे, आणि त्या खोलीतून जिवंत बाहेर पडणं हाही त्याच भाड्यात बसलं पाहिजे.

खोल्या विकणाऱ्या संकेतस्थळांवर तारे असतात, पोहण्याचा तलाव असतो, पाळीव कुत्रा चालेल का हेही असतं. तिथे दोन रकाने वाढवा: जिने किती, दाखला कधी संपतो. खोटं लिहिलं तर हॉटेल यादीतून काढा. फोटो खाटेचे दहा टाकता, मागच्या जिन्याचा एक टाका.

आणि शेवटी आपल्या सहल कंपन्या. पुण्या-मुंबईतून, कोल्हापुरातून, नाशिकमधून निघणाऱ्या उत्तरेच्या सहलींचा एक मुक्काम दिल्लीत असतो आणि तो बरेचदा करोल बागेत असतो. साठी-सत्तरीची माणसं, गुडघे दुखणारी, रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन नऊला झोपणारी. एकाच मजल्यावर पंधरा-पंधरा खोल्या. चहा साडेचारला हवा, कारण बस साडेपाचला सुटते. सहलीच्या व्यवस्थापकाने पोचल्या पोचल्या, किल्ल्या वाटण्याआधी, सगळ्यांना पायी मागच्या जिन्याने एकदा खाली आणावं. वीस मिनिटांचं काम आहे. ज्यांना उतरणं जड जातं त्यांना पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर खोल्या द्याव्यात आणि ही यादी रिसेप्शनवर ठेवावी.

चारधामची दारं अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला उघडतात, सहलींच्या नोंदण्या त्याच्या कित्येक महिने आधी सुरू होतात. तुमच्या घरातलं कोणी जाणार असेल तर कंपनीला लेखी विचारा: दिल्लीत कुठल्या हॉटेलात, त्याचा अग्निसुरक्षा दाखला कधीपर्यंतचा, आणि त्या इमारतीला जिने किती. उत्तर लेखीच घ्या, आगाऊ रक्कम त्यानंतर भरा.